इंग्रजीतला ‘च’ कुठे असतो?

(आकाशवाणीवरून सादर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मराठीतला ‘हं’ हा एका अक्षराचा शब्द घ्या. शब्दकोशात त्याला फारशी जागा मिळत नाही. पण आजी गोष्ट सांगत असते आणि नातवंडं ‘हं, हं’ करत हुंकार देत असतात, तो ‘हं’ वेगळा. ऐकू आलं नाही म्हणून विचारलेला ‘हं?’ वेगळा. शेजारच्या घरातली भानगड कळल्यावर लांबवलेला ‘हंऽऽ’ वेगळा, आणि हट्टाला पेटलेल्या मुलाला ‘आता पुरे’ असं बजावणारा ‘हं!’ त्याहून वेगळा. अक्षर एकच आणि अर्थ चार. फरक पडतो तो नुसत्या सुराने. हा सूर आपल्याला कोणी शिकवला नाही. आईच्या मांडीवर बसून तो कानात शिरला. म्हणूनच परकी भाषा बोलताना आपण शब्द तिचे घेतो आणि सूर मात्र आपल्या घरचा लावतो. आज मला बोलायचं आहे ते इंग्रजी बोलण्यातल्या या सुराबद्दल.

आधी थोडं शास्त्र. बोलताना आपल्या कंठातल्या स्वरतंतूंची कंपनं होतात. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात ती सेकंदाला सरासरी शंभर-सव्वाशेच्या आसपास असतात, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या थोडी पुढे, आणि लहान मुलांच्या बोलण्यात त्याहूनही जास्त. तंतू ताणले की कंपनं वाढतात, सूर चढतो. सैल सोडले की उतरतो. गवई एकेका स्वरावर थांबतो. बोलणारा माणूस कुठेच थांबत नाही, तो सतत चढत-घसरत असतो. त्यामुळे बोलण्यात तुमचा षड्ज कोणता याला महत्त्व नाही. सूर कोणत्या शब्दावर हलला आणि वर गेला की खाली आला, एवढंच ऐकणारा टिपतो. चिनी भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो. इंग्रजीत तसं नाही. तिथे शब्द तोच राहतो, बदलतो तो बोलणाऱ्याचा मनसुबा.

आणि मनसुबा चुकीचा पोचला तर काय होतं, याचं एक उदाहरण भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ हे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले अभ्यासक. आपल्याशी त्यांचं एक नातं आहे. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून एकमेकांच्या भाषांची ठेवण कशी उचलतात, यावर त्यांनी आणि रॉबर्ट विल्सन यांनी लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. याच गम्पर्झना सत्तरच्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कँटीनमधलं भांडण समजून घ्यायला बोलावणं आलं.

त्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उद्धट आहेत, त्यांना सहकार्य करायला नको असतं, अशी वरिष्ठांची आणि जेवायला येणाऱ्या हमालांची तक्रार. बायकांचं म्हणणं असं, की आम्ही नीट वागतो आणि ही मंडळी उगाच आमच्याकडे वाकडं बघतात. आम्ही काळ्या म्हणून. गंमत अशी की दोन्ही बाजूंमध्ये दिवसभरात देवाणघेवाण व्हायची ती जेमतेम दोन-चार शब्दांची. गम्पर्झनी ते शब्द ध्वनिमुद्रित केले. ताटात मांस वाढलं की त्यावर रस्सा हवा का, हे विचारायचं असे. ब्रिटिश बाई काउंटरवर असली तर म्हणायची ‘ग्रेव्ही?’ सूर वर जाणारा. म्हणजे, ‘ग्रेव्ही घालू का?’ आपल्याकडच्या बायकाही तेवढंच म्हणायच्या, पण सूर खाली उतरणारा: ‘ग्रेव्ही.’ त्यांच्या मनात प्रश्नच होता. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, ही सांगतेय, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे.’

ध्वनिफीत ऐकवली तेव्हा आधी त्या बायकांना फरकच जाणवला नाही. दोन्ही वेळा शब्द तोच होता ना! समजावून दिल्यावर मात्र आपल्याकडे लोक असं का बघतात हे त्यांच्या ध्यानात आलं. वरिष्ठांनाही कळलं, की ज्याला आपण उद्धटपणा समजत होतो ती त्यांची प्रश्न विचारण्याची साधी रीत आहे. गम्पर्झनी दोघांनाही बसवून ऐकवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं त्या बायकांना ‘सूर वर न्या’ असं सांगून ते मोकळे झाले असते, तर निम्मंच काम झालं असतं. पुढे १९७९ मध्ये बीबीसीने याच विषयावर ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रम केला.

यातलं खरं दुखणं असं, की सुराची चूक ही चूक म्हणून ऐकू येत नाही. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, ‘याला इंग्रजी कच्चं आहे.’ उच्चार चुकला तर म्हणतो, ‘परका माणूस दिसतो.’ सूर चुकला की तो म्हणतो, ‘माणूसच खडूस दिसतो.’ दोष भाषेच्या खात्यावर न जाता स्वभावाच्या खात्यावर जातो. आणि तुमचं व्याकरण जितकं चांगलं, तितकी ही शक्यता जास्त, कारण मग समोरच्याला वाटतं की याला इंग्रजी उत्तम येतं, तेव्हा जे केलं ते जाणूनबुजून केलं.

काही वर्षांपूर्वी मी एका मुलाखत मंडळावर होतो. ग्रामीण भागातून आलेला एक हुशार मुलगा समोर होता. ‘बाहेरगावी काम कराल का?’ असं इंग्रजीत विचारल्यावर तो म्हणाला, ‘व्हाय नॉट.’ सूर सरळ खाली. त्याच्या मनात होतं आपलं मराठी ‘का नाही करणार?’, म्हणजे आनंदाने करीन. मंडळावरच्या एका सदस्यांनी शेरा लिहिला, ‘गर्विष्ठ वाटतो.’ मी माझं म्हणणं मांडलं, पण शेरा राहिला. त्याला ती नोकरी मिळाली नाही. कारण एवढंच होतं असं मी म्हणणार नाही. पण तो शेरा मला आजही बोचतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इंग्रजीला सुराची एवढी गरज का पडते, आणि मराठीचं त्यावाचून बरंचसं कसं भागतं? एक साधं वाक्य घेऊ. ‘आय डिडन्ट टेक युअर पेन.’ यात सूर ‘आय’वर चढवून उतरवला तर अर्थ: तुझं पेन मी नाही घेतलं, दुसऱ्या कोणी घेतलं असेल. ‘टेक’वर नेला तर: घेतलं नाही रे, नुसतं बघितलं. ‘युअर’वर नेला तर: पेन तुझं नाही घेतलं, बंडूचं घेतलं. ‘पेन’वर नेला तर: पेन नाही, पेन्सिल घेतली. इंग्रजीत शब्दांचा क्रम एकदाही बदलला नाही; बदलता येतच नाही. कर्ता आधी, क्रियापद मध्ये, कर्म शेवटी, हे तिथे पक्कं. मराठीत मी काय केलं पाहा. विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाची रूपं हाताशी असल्याने मला शब्द हवे तिथे उचलून ठेवता आले आणि ज्या शब्दावर जोर हवा तो ‘नाही’च्या शेजारी नेऊन बसवता आला. शिवाय आपल्यापाशी ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘तरी’, ‘पण’, ‘ना’ ही सगळी चिल्लर खिशात खुळखुळत असते. ‘मीच गेलो’, ‘मीही गेलो’, ‘मी तर गेलो’, ‘मी गेलो तरी’... इंग्रजी माणसाला ही सगळी कामं बरीचशी सुरावर भागवावी लागतात. इंग्रजीत ‘च’ लिहिला जात नाही, तो गळ्यात असतो.

मराठीला सूर लागत नाही असं मात्र नाही. ‘हं’चं उदाहरण आपण पाहिलंच. आपण सगळा भार त्याच्यावर टाकत नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे आणि आपली मंडळी नेमकी इथे सापडतात. समजा, कोणी विचारलं, ‘वुड यू लाइक सम टी?’ मराठीत याचं उत्तर आपण देतो, ‘मी पीत नाही.’ चहाचा उल्लेख आधी झालाच आहे, म्हणून आपण तो शब्दच गाळतो. इंग्रजी वाक्याला कर्म गाळून चालत नाही. ‘आय डोन्ट ड्रिंक’ एवढंच म्हटलं तर भलताच अर्थ व्हायचा! तेव्हा इंग्रज म्हणतो, ‘आय डोन्ट ड्रिंक टी’, पण सूर ‘ड्रिंक’वर हलवतो आणि ‘टी’ हा शब्द जमिनीलगत, जवळजवळ पुटपुटल्यासारखा सोडून देतो. आपण गाळतो, तो दाबतो. काम एकच. आपल्यातले पुष्कळ जण मात्र सवयीने शेवटच्या शब्दावर जोर देतात: ‘आय डोन्ट ड्रिंक टीऽ.’ ऐकणारा वाट पाहत राहतो, की चहा नाही तर मग कॉफी हवी का?

ही तत्त्वं काही आजची नाहीत. हॅरॉल्ड पामर यांनी १९२२ साली इंग्रजीच्या सुरावटीवर पुस्तक लिहिलं आणि प्रत्येक वाक्खंडात सुराचं एक केंद्र असतं ही कल्पना मांडली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये डॅनियल जोन्स यांनी उच्चारशास्त्राची मोठी परंपरा उभी केली. तिथल्याच ओकॉनर आणि अरनॉल्ड यांचं १९६१ साली आलेलं बोली इंग्रजीच्या सुरावटीवरचं पुस्तक इंग्रजी शिक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. मग हॅलिडे यांनी सगळ्या पसाऱ्यातून तीन प्रश्न बाजूला काढले: बोलण्याचे तुकडे कुठे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात सुराचं केंद्र कोणत्या शब्दावर ठेवायचं, आणि तिथे सूर वर न्यायचा, खाली आणायचा की खाली आणून पुन्हा वर न्यायचा. पुल्‌ंची ‘ती फुलराणी’ आपण सगळ्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे. ती ज्यावर बेतली त्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधला प्राध्यापक हिगिन्स हा हेन्री स्वीट या उच्चारशास्त्रज्ञावरून काही अंशी सुचलेला, असं शॉनेच प्रस्तावनेत सूचित केलं आहे. फुलराणीचे धडे आठवले की आपल्याला शुद्ध-अशुद्ध उच्चार आठवतात. सुराचे धडे रंगभूमीवर दाखवणं अवघड. पण कोणाही चांगल्या नटीला विचारा, ती आधी सूर पकडते, मग शब्द.

खाली आणून पुन्हा वर नेलेला सूर ही इंग्रजांची खास चीज. ‘द फूड वॉज गुड’ हे सूर सरळ उतरवून म्हटलं, तर जेवण चांगलं होतं, विषय संपला. तेच ‘गुड’वर सूर उतरवून शेवटी किंचित उचलला, तर ‘जेवण तसं चांगलं होतं’. आणि त्या ‘तसं’मागे लपलेलं सगळं आपल्यालाही कळतं: खोली गळकी होती, बिल अवाच्या सवा आलं. ‘इट्स पॉसिबल’ हे असं हेलकावून म्हणणारा साहेब ‘शक्य आहे, पण...’ असं म्हणत असतो. आपला माणूस शब्द ऐकतो, ‘शक्य आहे’ असं वहीत लिहून घेतो आणि आठवडाभर होकाराची वाट पाहतो. याच सुराने ‘आय डोन्ट लेंड माय बुक्स टु एनीबडी’ म्हटलं तर अर्थ ‘पुस्तकं मी वाटेल त्याला देत नाही’. सरळ उतरवून म्हटलं तर ‘कोणालाच देत नाही’. पाहा, पुन्हा ‘च’ आला.

‘सॉरी’चंही तसंच. उतरता ‘सॉरी’ म्हणजे माफी, चढता ‘सॉरी’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ आगगाडीत कोणाचा पाय तुडवून चढता ‘सॉरी’ म्हटलं तर तो दुसरा पाय पुढे करणार नाही, एवढं नक्की.

वाक्याच्या शेवटी सूर पूर्ण खाली आला की इंग्रजी कानाला कळतं, बोलणाऱ्याचं संपलं, आता माझी पाळी. याचा एक नामी पुरावा मार्गारेट थॅचर यांच्याकडून मिळतो. त्यांनी आपला आवाज खालच्या पट्टीत आणण्यासाठी खास शिकवणी घेतली होती, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण मुलाखतीत लोक त्यांना सारखे मध्येच तोडतात, असं का होतं, हा प्रश्न ब्रिटनमधल्या बीटी, कटलर आणि पिअर्सन या अभ्यासकांना पडला. त्यांनी १९७९ मधल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीचे तुकडे लोकांना दिले आणि विचारलं, ‘बाईंचं बोलणं इथे संपलं का?’ जिथे मुलाखतकाराने त्यांना तोडलं होतं, नेमक्या तिथेच लोकांनाही वाटलं, की हो, संपलं. कारण बोलणं शिल्लक असतानाच थॅचरबाईंचा सूर झपाट्याने खाली येत होता. १९८२ साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या मातब्बर नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. म्हणजे जन्माने इंग्रज, देशाची पंतप्रधान, आणि तरीही सूर दगा देतो. आपल्या पोरांनी फार वाईट वाटून घ्यायला नको.

उलट, सूर किती इमानदार असू शकतो याचं उदाहरण रेडिओवरचंच आहे. बीबीसीवर दर शनिवारी संध्याकाळी फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल वाचले जातात. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी हे काम २०१३ पर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं केलं. ते पहिल्या संघाचं नाव आणि गोल सांगत, मग दुसऱ्या संघाचं नाव घेत, आणि त्या नावाच्या सुरावरूनच श्रोत्याला कळे की हा संघ जिंकला, हरला की बरोबरीत सुटला. गोलांचा आकडा यायच्या आधीच. सामना बरोबरीचा असेल तर आकडा तोच पुन्हा यायचा, म्हणून तो खाली दाबला जायचा, चहाच्या उदाहरणातल्या ‘टी’सारखा. निकालांवर पैसे लावून कूपन भरणाऱ्या लाखो लोकांना हे व्याकरण कोणी शिकवलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, तुम्ही ‘इंग्रजी सूर’ म्हणता तो नेमका कुणाचा? प्रश्न रास्त आहे. मी सांगतोय तो दक्षिण इंग्लंडच्या सुशिक्षितांचा, पाठ्यपुस्तकांतला. बेलफास्टला साधं विधानसुद्धा चढत्या सुरात संपतं. लिव्हरपूल-न्यूकॅसलकडेही तसं ऐकू येतं. ऑस्ट्रेलियातली तरुण मंडळी वाक्याच्या शेवटी सूर उचलतात आणि इंग्लंडमधल्या वडीलधाऱ्यांना वाटतं, ही मुलं प्रत्येक गोष्ट विचारतच का असतात? तेव्हा सगळ्यांनी एकाच सुरात बोलावं असा माझा आग्रह नाही. दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईत कॉल सेंटर आली आणि ‘न्यूट्रल अ‍ॅक्सेंट’चे वर्ग निघाले. तिथे पोरांना ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घोटवले गेले, ‘टी’ दंतमूलीय करून घेतला गेला. अलीकडे तर बोलणाऱ्याचे उच्चार तिथल्या तिथे बदलून देणारी संगणकप्रणालीही निघाली आहे. मला विचाराल तर हा उलटा कारभार आहे. आपला ‘टी’ थोडा जड असला म्हणून कोणाचं काही अडत नाही. आपण जोर कुठे दिला, हे न कळल्याने मात्र अडतं. हैदराबादच्या संस्थेतले प्रा. आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजतं याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही शब्दातल्या आघाताची जागा चुकणं हे न समजण्याचं एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. शब्दकोशात त्यासाठी बारीकशी उभी रेघ दिलेली असते. आमचे विद्यार्थी तिला छपाईचा डाग समजतात.

आघाताला निदान रेघ तरी आहे. वाक्याच्या सुराला शब्दकोशात कसलीच खूण नाही, आणि आपल्या वर्गांत इंग्रजी पाठ अजूनही पाढ्यांच्या चालीवर वाचला जातो. साठ मुलं एका सुरात, प्रत्येक शब्दाला सारखं वजन. त्यात शिक्षकांचा दोष कमी. त्यांनाही असंच शिकवलं गेलं.

मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी करायला सांगतो. इंग्रजी वाक्य तोंडातून काढण्याआधी ते मराठीत मनाशी म्हणा आणि ‘च’ कुठे लागतो ते पाहा. तो शब्द उचला. मराठीत जो शब्द तुम्ही गाळला असता, तो इंग्रजीत दाबा. आणि रोज पाच मिनिटं इंग्रजी संभाषण ऐका, एकेक वाक्य थांबवून आधी तोंड मिटून नुसतं गुणगुणा, शब्दांशिवाय; मग त्याच चालीत शब्द भरा. पहिले चार दिवस मुली हसतात, मुलगे लाजतात. पंधरवड्यात प्रश्नाचा सूर आणि जोराची जागा बरीच सुधारते. तो हेलकावा, ‘गुड’वरचा, मी पहिल्या वर्षी शिकवायला घेत नाही. तो जिवंत माणसांच्या सहवासात कानावर पडत पडतच येतो. तोवर मुलांना तो समोरच्याच्या बोलण्यात ओळखता आला तरी पुष्कळ काम भागतं.